रेणू एकटा मोजू नका

पेडणे-डिचोलीहून ताळगावला, गोवा विद्यापीठात, एम.एस्सी.साठी जाणारी मुलं रेणूंची कंपनं संगणकावर काढायला घेतात, तेव्हा त्यांना मी जे सांगते ते इथे लिहिते.

१. सुरुवात एन-मिथिल अ‍ॅसिटामाइडपासून करा. प्रथिनांतल्या पेप्टाइड बंधाचा हा अगदी छोटा नमुना. वायुरूपात त्यातल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचं कंपन १७३० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसतं, पाण्यात १६२५ च्या जवळ. रेणू तोच; पाणी त्याच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतं आणि दुहेरी बंध सैलावतो. म्हणून गणित प्रयोगाशी जुळेना, तर आधी द्रावक तपासा.

२. द्रावक मांडायचा कसा, यात खरी कसोटी आहे. इटलीत तोमासी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दिलेल्या पद्धतीत रेणू एका पोकळीत बसतो, भोवती सलग माध्यम असतं. पाण्यासाठी त्याचा परावैद्युतांक सुमारे ७८. गणित लवकर होतं, पण हायड्रोजन बंध त्यात नीट उतरत नाही. माझा भरवसा मिश्र मांडणीवर आहे: ऑक्सिजनजवळ पाण्याचे दोन-तीन खरे रेणू, त्यांच्याबाहेर सलग माध्यम. तेवढ्यावरही थांबू नये, कारण पाणी सतत हलत असतं. रेणूगतिकीतून, म्हणजे रेणूंची हालचाल पायरीपायरीने काढणाऱ्या गणितातून, अनेक क्षणांच्या मांडण्या घ्या, प्रत्येकीची कंपनं काढा आणि मग सरासरी. पायरी एका फेम्टोसेकंदाच्या आसपास ठेवा. कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाचं एक आवर्तनच सुमारे २० फेम्टोसेकंदांत संपतं.

३. सिद्धान्तातली तरंगसंख्या सहसा जास्त येते, म्हणून ०.९६ च्या आसपासच्या गुणकाने गुणतात. द्रावकाचा परिणाम झाकायला तो गुणक मनाजोगता बदलू नका. ही लबाडी आहे.

४. रेणू मोठा असेल, तर पुण्याच्या श्रीधर गद्रे यांच्या गटाची, १९९४ पासूनची रेणू तुकड्या-तुकड्यांनी मोजून जोडण्याची पद्धत वाचा.

५. आपल्या पेडणे तालुक्यातला रेणू घ्या. हरमलच्या मिरचीतल्या कॅप्सायसिनमध्ये अमाइड गट आहे. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलमध्ये सहज. मिथेनॉल आणि क्लोरोफॉर्ममध्ये त्याचा अमाइड पट्टा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन कंपनाचा पट्टा, किती सरकतो ते काढा, मग प्रयोगशाळेतल्या वर्णपटाशी ताडून बघा. अशा गणितांचं ओर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी मोफत मिळतं, चांगल्या घरगुती संगणकावरही हे जमतं. पेडण्याच्या मुलामुलींनी ते करावं, आणि प्रबंधात द्रावक कसा मांडला ते पहिल्याच पानावर लिहावं.