सहल, डोंगर आणि हॅम रेडिओ



दोन वर्षांपूर्वी आम्ही सातवीची मुलं घेऊन राजगडावर गेलो होतो. उतरताना दोन गट पडले. माझा गट चोर दरवाजाने गुंजवण्याला उतरला, गाडी तिथेच उभी होती. मागचा गट, अकरा मुलं आणि एक सर, वाट सोपी म्हणून पाली दरवाजाने उतरला. कोणाच्याच मोबाईलला रेंज नाही. पावणेदोन तास आम्ही खाली बसून होतो. शेवटी एका दूधवाल्या दादांनी मोटारसायकलवरून निरोप आणला, मुलं सुखरूप होती. पण तेवढ्या वेळात डोक्यात काय काय येऊन गेलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सहली तुम्हीही काढल्या आहेत.

परत आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, दोन वॉकीटॉकी घेऊन टाकू. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओचे परवानाधारक. त्यांनी फळ्यावर खडूने डोंगर काढला आणि मलाच विचारलं, "बाई, एक संच इकडे, एक तिकडे, मधे अख्खा डोंगर. आवाज जाणार कुठून?"

इथेच माझा पहिला धडा सुरू झाला. हातातल्या लहान संचाच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. समोरचा दिसत असेल तर त्या कित्येक किलोमीटर जातात, आणि मधे डोंगर आला की जवळच्यालाही ऐकू येत नाही. म्हणून तिसरा माणूस वर, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी थांबवायचा. त्याने एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं. दोन्ही गट पोचले की मग त्याने उतरायचं. (शहरांजवळ उंच जागी 'रिपीटर' बसवतात, तो हेच काम यंत्राने करतो.)

लांबच्या मुक्कामासाठी वेगळी युक्ती आहे. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून खाली परततात, त्यामुळे डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरवर बोलता येतं. रात्री त्या आणखी लांब जातात. त्यासाठी लागते लांब तार, आणि ही तार म्हणजे आपल्याला आयता मिळालेला गणिताचा तास! ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ने भागलं तर सुमारे ४२. त्याची निम्मी २१, आणि तारेत लहरीचा वेग थोडा कमी पडतो म्हणून प्रत्यक्षात २० मीटर. मधोमध तोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. मधला भाग झाडाच्या फांदीला बांधायचा आणि टोकं दोरीने खाली ताणायची. हाच हिशोब १४५ मेगाहर्ट्झचा केला तर पाव तरंगलांबी जेमतेम अर्धा मीटर येते. माझ्या वर्गातल्या मुलांनी मैदानावर सुतळी ताणून दोन्ही मापं घेतली. भागाकाराला कंटाळणारी पोरंसुद्धा त्या दिवशी दशांश चिन्ह जपून मांडत होती.

मला मात्र तारेपेक्षा बोलण्याचा भाग जास्त मोलाचा वाटतो. या संचावर बटण दाबून बोलत असताना ऐकू येत नाही, म्हणून एकाने संपवल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नसतं. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं आणि 'पाली'चं 'ली' होतं. आम्ही वर्गात संच न वापरता याचा सराव केला. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसली. एकाने निरोप सांगायचा, दुसऱ्याने पाटीवर लिहून परत वाचायचा. कोण बोलतंय, कुठे आहे, काय झालं, किती जण, काय हवं, एवढंच. पहिल्या दिवशी एकाने दीड मिनिट गोष्ट सांगितली आणि स्वतःचं ठिकाण सांगायचंच विसरला. ब-भ, प-फ चा गोंधळ झाला तेव्हा एका मुलीने आपणहून 'भ भटजीचा' म्हणून सांगितलं. हॅम मंडळी इंग्रजी अक्षरांसाठी 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' म्हणतात ते याचसाठी.

प्रवासात नेलेलं केंद्र किती उपयोगी पडतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण मुलांना जरूर सांगा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र घेऊन गेल्या होत्या. जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलायला मिळावं, एवढाच हेतू. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले. मग त्याच केंद्रावरून त्यांनी आणि सोबतच्या हॅमनी मुख्य भूमीकडे निरोप पाठवले, त्यात अडकलेल्या लोकांच्या खुशालीचेही होते.

आता पालकांसाठी महत्त्वाचं. हॅम संच मागवला आणि बोलायला लागलो, असं चालत नाही. त्याला दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. परीक्षेला वयाची अट फक्त किमान १२ वर्षं आहे, म्हणजे तुमची सातवी-आठवीतली मुलगीही बसू शकते. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो, तेव्हा बाहेर नेण्याआधी त्यातल्या अटी नीट वाचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात, पण ते हॅम नव्हेत, त्यांचा पल्ला थोडा असतो आणि संच मान्यताप्राप्तच हवा. ऑनलाईन स्वस्तात दिसतो तो प्रत्येक संच या पट्ट्यातला नसतो, घेताना तपासा. आणि जिथे रेंज आहे तिथे आधी ११२ लावा, रेडिओ नंतर.

मी परीक्षा दिली, परवानाही आला. या डिसेंबरात पुन्हा राजगड ठरलाय. एक मी, एक ते पालक, आणि वर थांबणारा तिसरा परवानाधारक अजून शोधतोय. नाही मिळाला तर सगळी मुलं एकाच वाटेने उतरतील.