शुश्रूषा करणाऱ्यांचा दीर्घशोक

सज्जनहो, क्रौंच पक्ष्याचे जोडपे तुटलेले पाहून वाल्मीकींच्या मुखातून पहिला श्लोक निघाला, असे परंपरा सांगते. म्हणजे आदिकाव्याचा उगमच शोकात आहे. तेव्हा घरचे माणूस गेल्यावर रडणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे, हे प्रथम ध्यानी धरावे. परंतु एक शोक असा असतो की तो काळाबरोबर ओसरत नाही. वर्षश्राद्ध उरकले तरी माणूस तेराव्याला होता तिथेच बसून राहतो. या पाठात त्याच शोकाचा विचार करावयाचा आहे, आणि विशेषेकरून अशा वृद्धांचा, ज्यांनी आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा केली.

देहू आणि आळंदी ही आपली दोन्ही क्षेत्रे आज कारखान्यांच्या शेजारात आहेत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि नंतर चाकण असा हा पट्टा वाढत गेला. गावोगावचे लोक येथे आले, मशीनवर उभे राहिले आणि निवृत्त झाले. आता मुलगा फर्स्ट शिफ्टला, सून सेकंड शिफ्टला. मग अर्धांगवायूने पडलेल्या नवऱ्याला कुशीवर कोणी वळवायचे? स्मृती गेलेल्या बायकोला घास कोणी भरवायचा? घरातल्या म्हातारीने, नाही तर म्हाताऱ्याने.

आमच्या कीर्तनाला येणाऱ्या एका आजींनी सात वर्षे यजमानांचे अंथरूण सांभाळले. ते जाऊन दीड वर्ष झाले. अजून त्या पहाटे तीनला उठतात. कुशीवर वळवायला हात पुढे जातो, आणि खाट रिकामी! गळ्यात तुळशीची माळ आहे, पण देवळाची पायरी चढत नाहीत. विचारले तर म्हणतात, "महाराज, त्या रात्री माझा डोळा लागला हो. जागी असते तर गेले नसते."

येथे दोन गोष्टी एकदम गेल्या. माणूस गेले आणि हातातले कामही गेले. दिवसाचे सगळे घड्याळच त्या खाटेभोवती फिरत होते. शिवाय तिसरी एक गोष्ट असते, ती कोणी बोलत नाही. २००३ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी सेवा केलेल्या २१७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ७२ टक्के लोकांनी सांगितले, की मरणाने आपल्याला सुटल्यासारखे वाटले. असे वाटणे हे पाप नव्हे. शिणलेल्या देहाचा तो धर्म आहे. पण सुटल्याच्या भावनेची मनाला लाज वाटते, आणि ती लाज शोकाला गाठ मारते.

आता लक्षणे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत दीर्घशोक हा स्वतंत्र विकार मानला आहे. गेलेल्याची अनावर ओढ, किंवा रात्रंदिवस त्याचाच विचार. मरण खरे न वाटणे, स्वतःला दोष देणे, जगण्यात रस न उरणे. आणि हे सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजाच्या रीतीत बसते त्याच्याही पलीकडे चालणे. अमेरिकेतील वैद्यांनी प्रौढांसाठी एक वर्षाची मर्यादा धरली आहे. आपल्याकडेही पहिले वर्ष शोकाचेच मानतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उपाय कोणता? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. कॅथरीन शीअर यांनी सोळा बैठकांचा एक उपचार बसविला. आजींचेच उदाहरण घेऊन तो समजून घेऊ. समुपदेशक आधी शोक म्हणजे काय ते सांगेल. मग आजी डोळे मिटून त्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून सांगतील. ती ध्वनिमुद्रित करून घरीही ऐकतील. प्रारंभी जीव कासावीस होतो, पण पुन्हा पुन्हा सांगता सांगता ती रात्र आठवण होऊन बसते. जेथे जाणे टाळले तेथे हळूहळू जायचे. गेलेल्या माणसाशी मनोमन बोलायचे, त्याने काय उत्तर दिले असते तेही स्वतःच बोलायचे. आणि पुढे काय करावेसे वाटते, याचा छोटासा संकल्प दर बैठकीत करायचा. २०१४ साली पन्नाशीच्या पुढील १५१ जणांवरची परीक्षा प्रसिद्ध झाली: या उपचाराने शंभरात सुमारे सत्तर जणांना गुण आला, दुसऱ्या प्रचलित मानसोपचाराने बत्तीस जणांना. २०१६ च्या परीक्षेत असेही दिसले, की उदासीवरच्या गोळीने सोबतची उदासी कमी होण्यास मदत होते. शोकाची गाठ मात्र त्या गोळीने सुटत नाही.

शंका: नामाचा आधार असता वैद्य कशाला? समाधान: ताप आला तर आपण काढा घेतो, तेव्हा नामावरचा विश्वास उडाला असे कोणी म्हणत नाही. मनाच्या तापालाही तोच न्याय लावावा.

शंका: जखम पुन्हा का उघडायची? समाधान: तुकोबारायांची पहिली पत्नी आणि मुलगा १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात गेले. महाराजांनी ते दुःख लपविले नाही, स्वतःच्या अभंगात सांगून ठेवले. ज्या भामचंद्र डोंगरावर ते एकांतात बसले, तो आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी उभा आहे. पण ते डोंगरावरच राहिले नाहीत. देहूस येऊन घराण्याचे मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी नीट केले. माउलींच्या समाधीचा प्रसंग नामदेवरायांनी गायिला, आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत तो अजून सांगितला जातो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. सांगणे आणि ऐकणे ही आपलीच रीत आहे.

तर दिंडीकऱ्यांनी काय करावे? "सुटले बिचारे" असे म्हणू नये. "अजून किती रडणार?" असेही म्हणू नये. "त्या रात्री काय झाले, सांगा ना," एवढे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. देवळात नेताना पहिल्या दिवशी पायरीपर्यंतच न्यावे. रिकाम्या हातांना फुले निवडायची, टाळ पुसायचे काम द्यावे. वर्ष उलटूनही गाठ सुटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे, आणि सेवा किती वर्षे केली तेही सांगावे. सोळा बैठकांची ही पद्धत शिकलेला समुपदेशक गावोगाव मिळेल असे नाही. पण सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आणि "मलाही आता न्या" असे कोणी म्हणू लागले, तर ती वैराग्याची भाषा समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तात्पर्य, उपचाराने आठवण पुसली जात नाही. सात वर्षे केलेली सेवा ही पूजाच होती, एवढे त्या माणसाला उमजते. आणि पूजा सांग झाली म्हणजे पुजारी देवळाचे दार लावून घरी जातो, जेवतो, झोपतो. त्यात देवाचा अनादर नाही.

रामकृष्ण हरि.