घाटकोपरची गर्दी आणि वाढीव गाड्या

प्रश्न : वर्सोवा–घाटकोपर मेट्रोवर सकाळी पाय ठेवावयास जागा नसते. आणखी गाड्या सोडण्यास अडचण ती कोणती?
— एक प्रवासी, अंधेरी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु रक्कम मंजूर झाली की गाड्या वाढल्या, हा सार्वत्रिक समज तितकासा खरा नव्हे. 2014 साली सुरू झालेल्या या 11.4 किलोमीटरांच्या मार्गावर दोन गाड्यांमधील अंतर किती घटविता येईल, याचा निवाडा बहुधा शेवटच्या स्थानकावर होतो : गाडी फलाटाशी लागावी, लोंढा उतरावा, तितकाच चढावा, दारे मिटावीत, चालकाने दुसऱ्या टोकाच्या कक्षात जावे आणि गाडीने सांधा ओलांडून परतीचा रूळ धरावा, हे सारे यथासांग पार पडेतो मागची गाडी सिग्नलाशी तिष्ठत राहते, आणि एखाद्या उतावीळ गृहस्थाने मिटत्या दारात पिशवी खुपसली, तर वाया गेलेले अर्धे मिनिट मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या माथी बसते. वाढीव गाड्यांस रात्री आगारात जागा हवी, वीजही अधिक हवी, हे निराळेच.

माझ्या मते येथे फेऱ्यांपेक्षा डबे वाढविणे श्रेयस्कर. गाड्या चार डब्यांच्या असल्या तरी फलाट मुळातच सहा डब्यांच्या हिशेबाने बांधलेले असल्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत दीडपट प्रवासी सामावतील. मात्र जुन्या गाड्यांत नवे डबे जोडताना ब्रेक व नियंत्रणयंत्रणा यांचा मेळ बसवून सुरक्षा आयुक्तांची मंजुरी पुनश्च घ्यावी लागेल.