ऊन कळते, पण वळत नाही!

उन्हाळा लागला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपल्याले उनाची सवय हाये जी, डॉक्टरसाहेब!" पुलगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, कधी त्याच्याही पुढे जातो. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वाचकहो, हेच वाक्य म्हणणारे एक शेतकरी उन्हामुळे मरणाच्या दारातून परत आले. त्यांची हकीकत आज सांगतो.

नाचणगावकडचे हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. रक्तदाबाची गोळी चालू होती, म्हणून मी त्यांना दोनदा बजावले होते, "डोके बांधल्याशिवाय शेतात जाऊ नका." त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. मे महिन्यात एका दुपारी मुलाने त्यांना माझ्याकडे आणले, तेव्हा ते असंबद्ध बडबडत होते. अंग तव्यासारखे तापलेले, ताप १०५ च्या वर. अंगावर पाणी ओतत, पंख्याचा वारा देत आम्ही त्यांना थंड केले आणि लगेच सेवाग्रामला पाठवले. आठ दिवसांनी ते घरी आले.

उन्हाची सवय होते, हे खोटे नाही. शरीराला त्यासाठी एक-दोन आठवडे लागतात. पण या सवयीलाही मर्यादा आहे. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी उलट अंगात भरतो. मग शरीराचा सारा भरवसा घामाच्या वाळण्यावर उरतो आणि पाणी कमी पडले की तोही संपतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, म्हणून अशांना धोका अधिक. (गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.)

मग कळत असूनही माणूस डोके का बांधत नाही? मला चार कारणे दिसतात. पहिले, बायाबापड्या दुपट्टा बांधतात, पण पुरुषाला छत्री धरायची लाज वाटते. दुसरे, रोजंदारी. दुपारी थांबले तर मजुरी बुडते. अशा माणसाला नुसता उपदेश करून काय उपयोग? तिसरे, खिशातल्या कांद्यावरचा विश्वास. कांदा जरूर खावा, पण खिशातला कांदा ऊन अडवीत नाही. चौथे, चारचौघांचे वागणे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. पारा आपल्या मानाने कमी, ४० च्या आतच होता. पण हवा दमट, म्हणून घाम वाळत नाही. शिवाय गर्दीतून एकट्याने उठून सावली शोधणे माणसाला अवघड जाते.

ऑस्ट्रेलियात १९८१ साली त्वचेच्या कर्करोगाविरुद्ध मोहीम निघाली. सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, एवढेच सोपे सांगणे एका कार्टून पक्ष्याच्या तोंडी गाण्यातून घरोघर पोचवले. हळूहळू टोपी घालणे ही तिथली रीतच झाली.

आमच्या शेतकऱ्याचेही तसेच झाले. पुढच्या उन्हाळ्यात ते डोक्याला ओला दुपट्टा बांधून आले. मी विचारले, "माझे ऐकले वाटते?" ते हसले. "नाई जी. बायको गाडीच्या चाबीलेच दुपट्टा बांधून ठेवते. अन् नात फाटकात उभी रायते." आता त्यांच्यासोबत शेतात जाणारे दोघे-तिघेही डोके बांधू लागले आहेत.

तेव्हा ध्यानात ठेवा :

● दुपट्टा, पाण्याची बाटली दाराशी, चाबीजवळच ठेवा.

● तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घ्या.

● अवघड कामे सकाळी ११ पूर्वी उरका. मजूर लावणाऱ्यांनी दुपारची सुटी द्यावी, सावली व पाण्याची सोय करावी आणि त्यापायी मजुरी कापू नये.

● लग्नाची तिथी टळत नसेल, तरी मुहूर्त सकाळचा किंवा सायंकाळचा धरा.

● कोणी बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला वा बेशुद्ध पडला, तर घाम येत असो वा नसो, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे कामाची नाही.

मी सांगितलेले दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकते, हे आता मला कळले आहे. म्हणून आज हे घरातल्या माणसांना सांगतो आहे. उद्या सकाळी घरातून निघणाऱ्याच्या हाती दुपट्टा तेवढा द्या.