एल्बकाठचे हॅम्बुर्ग

बंदर म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. जर्मनीतील सर्वांत मोठे बंदर मात्र समुद्रकिनाऱ्यावर नाही. एल्ब नदीच्या मुखापासून सुमारे १०० किलोमीटर आत हॅम्बुर्ग शहर वसले आहे. तरीही समुद्राची भरती दिवसातून दोनदा या शहरापर्यंत येते आणि नदीचे पाणी साडेतीन मीटरांहून अधिक चढते व उतरते. या पाण्यानेच हॅम्बुर्गला वैभव दिले आणि याच पाण्याने त्याला वेळोवेळी रडविले. शहराची ओळख करून घ्यावयाची असेल, तर पाण्याच्या कडेकडेने हिंडावे हे बरे.

त्यासाठी उन्हाळ्यातील रविवार निवडावा. पहाटे पाच वाजताच नदीकाठी मासळीबाजार भरतो. १७०३ सालापासूनची ही परंपरा आहे. मासळीबरोबर फळे, फुलझाडे आणि नाना वस्तू तेथे विकावयास असतात. विक्रेते ओरडून ओरडून गिऱ्हाइकांना हसवितात. लोकांना वेळेवर प्रार्थनामंदिरात जाता यावे, म्हणून बाजार सकाळीच उठण्याचा नियम पडला. आजही साडेनऊच्या सुमारास सारी आवराआवर होते. वादळी भरती आली म्हणजे बाजाराच्या या सखल जागेवर नदीचे पाणी पसरते.

तेथून काठाने थोडे चालत गेले, की एक घुमटाची इमारत लागते. हे एल्बखालच्या जुन्या बोगद्याचे प्रवेशद्वार होय. नदीपलीकडील जहाजबांधणीच्या कारखान्यांत हजारो कामगारांना जावे लागे. धुके व बर्फ पडले, की नावा अडत. म्हणून १९११ साली नदीच्या तळाखालून ४२६ मीटर लांबीचा हा मार्ग खुला झाला. तो जमिनीखाली सुमारे २४ मीटर खोल आहे. पाणी आत शिरू नये म्हणून खोदणाऱ्यांना दाबलेल्या हवेत काम करावे लागले आणि त्यापायी अनेकांना व्याधी जडल्या. भिंतींवरील चकचकीत फरशांवर मासे, खेकडे इत्यादिकांची उठावाची चित्रे आहेत. डोक्यावरून जहाजे जात असतात आणि खालून पादचारी व सायकलस्वार निर्धास्त पलीकडे जातात.

परत येऊन पूर्वेकडे वळले, की वखारींचे नगर दिसू लागते. तांबड्या विटांच्या या उंच वखारी अरुंद कालव्यांच्या दोन्ही बाजूंस ओळीने उभ्या आहेत. १८८३ साली त्यांचे बांधकाम सुरू झाले. नदीकाठची जमीन मऊ. म्हणून लाकडाचे असंख्य खांब जमिनीत ठोकून त्यांवर पाया घातला. एका बाजूने होडी लागावी, दुसऱ्या बाजूने गाडी, आणि माथ्यावरील रहाटाने पोती वर खेचावीत अशी सोय होती. कॉफी, चहा, मसाले, गालिचे यांचे ढीग येथे लागत. जाड भिंतींमुळे आतील हवा फारशी तापत किंवा गारठत नसे. २०१५ साली युनेस्कोने या वखारींना जागतिक वारशाचा मान दिला. मात्र त्यांच्यासाठी जागा मोकळी करताना सुमारे वीस हजार रहिवाशांची घरे पाडण्यात आली, ही गोष्ट या सुंदर इमारती पाहताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

वखारींच्या पलीकडे जुन्या धक्क्यांवर नवी वस्ती उभी राहिली आहे. तिच्यातील इमारती उंचवट्यांवर बांधलेल्या असून समुद्रसपाटीपासून त्या आठ-नऊ मीटर उंच आहेत. हे कशासाठी, ते हॅम्बुर्गच्या वृद्धांना विचारावे. १९६२ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेच्या रात्री, वादळाने समुद्राचे पाणी एल्बमध्ये लोटले. बांध ठिकठिकाणी फुटले. शहरातील ३१५ माणसे मरण पावली. विल्हेल्म्सबुर्ग बेटावर तर झोपेतच लोकांना पाण्याने गाठले. त्यानंतर बांध उंच करण्यात आले. १९७६ साली पाणी त्याहूनही वर चढले. परंतु तशी प्राणहानी झाली नाही.

दुपारी सायकलीने काल्टेहोफे या बेटावर जावे. तेथे चौकोनी तळ्यांची रांग आणि काठावर विटांची चिमुकली बुरूजवजा घरे दिसतात. आज तेथे पक्ष्यांची वस्ती आहे. पण ही तळी वापरात आली ती फार महाग धडा मिळाल्यावर.

त्या काळी हॅम्बुर्गच्या नळांना एल्बचे पाणी न गाळताच सोडले जात असे. गाळणी बांधण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. खर्चाच्या वादात काम रेंगाळले. १८९२ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत ८,६०० हून अधिक माणसे दगावली. लगतचे आल्टोना तेव्हा निराळे शहर होते. ते प्रवाहाच्या खालच्या बाजूस असल्याने हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी त्याच्या वाट्यास येई. तरी तेथे साथ फारशी पसरली नाही. कारण आल्टोना आपले पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेत असे. काही ठिकाणी दोन्ही शहरांची सीमा रस्त्यावरूनच जात होती. रस्ता एक, हवा एक, जमीनही एक. पण एका बाजूच्या घरांतून प्रेते निघत होती आणि समोरची घरे बहुतेक निरोगी होती. कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा शोध घेणारे रॉबर्ट कॉख हे पाहणीसाठी हॅम्बुर्गला आले होते. रोग पाण्यातून पसरतो, याचा याहून ढळढळीत पुरावा तो कोणता? १८९३ साली काल्टेहोफेची वाळूची गाळणी सुरू झाली आणि ती १९९० पर्यंत शहराची तहान भागवीत राहिली.

नदीच्या दक्षिणेस, गेऑर्ग्सवेर्डर येथे, सुमारे ४० मीटर उंचीची हिरवी टेकडी आहे. ती निसर्गाने घडविलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा, नंतर घरोघरचा केर आणि शेवटी कारखान्यांतील विषारी द्रवे या ठिकाणी १९७९ पर्यंत टाकली जात होती. १९८३ साली टेकडीतून पाझरणाऱ्या द्रवांत डायॉक्सिन हे भयंकर विष सापडले. तेव्हा पावसाचे पाणी आत मुरू नये म्हणून सारी टेकडी आच्छादून तिच्यावर माती पसरण्यात आली. आता तिच्यावर पवनचक्क्या फिरतात आणि उतारावरील सौरफलक वीज निर्माण करतात. २०११ साली हॅम्बुर्ग हे युरोपची हरित राजधानी होते, त्याच वर्षी लोकांना टेकडीवर येण्याची मुभा मिळाली.

उन्हाळ्यात येथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. त्यामुळे सायंकाळीही लख्ख ऊन असते. माथ्यावरून यारी, धक्के, वखारी आणि १३२ मीटर उंच सेंट मायकेल मंदिराचा मनोरा दिसतो. टेकडीच्या पोटातील विष मात्र अद्याप तेथेच आहे. तिच्याखालचे दूषित पाणी पंपांनी उपसून शुद्ध करण्याचे काम चालू असते, आणि ते आणखी कित्येक वर्षे करावे लागणार आहे.