अवैध ओळी आणि त्यांचा शोध

न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी “शिक्षकांनी काही तरी उपयोगाचे लिहावे” असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा शिक्षणाच्या महत्त्वावर चार शब्द लिहून मोकळे व्हावे असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्या ज्या कामात गेल्या त्याविषयीच लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. न्यासाच्या जुन्या वह्यांतील सभासद, देणगीदार आणि शिष्यवृत्तीचे विद्यार्थी यांच्या नोंदी संगणकाच्या माहितीकोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये, उतरविणे हे ते काम. उतरविणे सोपे आहे. उतरविलेल्यात चुकीचे काय आहे ते शोधणे कठीण. आणि ते यंत्राकडून कसे करून घ्यावयाचे, हा या पाठाचा विषय होय.

दोन शब्द आधी सांगून ठेवतो. डेटाबेसातील तक्ता हा आपल्या हिशेबाच्या वहीसारखाच असतो. उभे रकाने, आडव्या ओळी. आपल्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक माणूस. ठरविलेल्या नियमांत जी ओळ बसत नाही तिला अवैध ओळ म्हणतात. हा शब्द जरा कठोर आहे, आणि तो मला का खटकतो हे सांगण्यासाठी एक अनुभव सांगावा लागेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने बाहेरच्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. गुण उत्तम, कागदपत्रे पूर्ण. यादी लागली तेव्हा तिचे नाव मंजूर झालेल्यांत नव्हते आणि नामंजूर झालेल्यांतही नव्हते. विचारावयास गेलो तर “असा अर्जच नाही” असे उत्तर मिळाले. पोचपावती दाखविली तेव्हा शोधाशोध झाली आणि उलगडा झाला. त्या मुलीला आडनाव नाही. तिचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढेच. आमच्या समाजात अशी घरे पुष्कळ आहेत. आडनावाचा रकाना रिकामा असल्यास ओळ वगळावी असा नियम कोणी तरी लावून ठेवला होता आणि वगळलेल्या ओळी कोठे जातात हे कोणीच पाहिले नव्हते. तोवर पैशांचे वाटप होऊन गेले होते. तिचे वडील मला म्हणाले, “सर, म्हणजे पोरगी नापास झाली काय?” मला काही बोलता आले नाही.

न्यासाचे काम हाती घेताना हे डोक्यात होते. या कामासाठी प्रणाली अनेक आहेत. मी वापरली ती पेंटाहो नावाची; तिचे मूळ नाव केटल, म्हणजे किटली. तिच्या कर्त्यांना स्वयंपाकघराची भारी हौस असावी, कारण आखणी करण्याच्या पडद्याचे नाव स्पून, आणि आखलेले काम चालविणाऱ्या दोन साधनांची नावे पॅन आणि किचन. ही नावे ऐकून माझ्या घरी “शाळा सोडून खानावळ काढता की काय?” अशी विचारणा झाली. असो.

स्पूनच्या पडद्यावर प्रत्येक काम एका चौकोनी चित्राने दाखवितात. त्यास स्टेप म्हणजे पायरी म्हणतात. एका पायरीतून दुसरीत ओळी नेणारा बाण म्हणजे हॉप. पहिली पायरी तक्त्यातून ओळी वाचते, शेवटची दुसऱ्या तक्त्यात लिहिते, आणि मध्ये ‘डेटा व्हॅलिडेटर’ नावाची परीक्षकाची पायरी बसवावयाची. या परीक्षकाला स्वतःची बुद्धी नाही. प्रत्येक रकान्यासाठी त्याला नियम सांगावे लागतात: रकाना रिकामा चालेल काय, अक्षरे कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती, लहानात लहान व मोठ्यात मोठे मूल्य कोणते, अक्षरांचा नमुना कसा, आणि मान्य मूल्यांची यादी असल्यास ती कोणती. नियम लावणे दहा मिनिटांचे काम आहे. कोणता नियम लावावयाचा हे ठरविण्यास आम्हास दोन महिने लागले.

पिन कोडाचेच पाहा. पिन कोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती ज्यांच्या कल्पनेतून आली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे मोठे जाणकार होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. सहा अंक, पहिला अंक शून्य कधीच नाही. बेळगावचा ५९०००१, इंदूरचा ४५२००१, वडोदऱ्याचा ३९०००१. गोव्याचे सारे ४०३ ने आरंभ होणारे. तेव्हा नमुना असा दिला: पहिला अंक एक ते नऊपैकी, पुढील पाच शून्य ते नऊपैकी. रकाना रिकामा चालणार नाही. काम चालविले आणि अवैध ओळींचा ढीग पडला. पाहतो तो निम्मे देणगीदार १९७२ च्या आधीचे! त्यांच्या काळी पिन कोड नव्हताच, तर तो वहीत कोठून येणार? मग परीक्षकाच्या आधी ‘फिल्टर रोज’ ही गाळणीची पायरी बसविली आणि १९७२ पूर्वीच्या नोंदी निराळ्या वाटेने नेल्या.

उरलेल्या ढिगात आणखी एक गंमत निघाली. काही पिन कोड डोळ्यांना अगदी बरोबर दिसत होते, तरी यंत्र त्यांना नाकारीत होते. नोंदी करणाऱ्या एका मुलाने वही पाहून मराठी अंक मराठीतच उतरविले होते. आपल्याला मराठी पाच आणि इंग्रजी पाच हे एकच. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत आणि नमुन्यातील ‘शून्य ते नऊ’ म्हणजे केवळ इंग्रजी. मुलाची चूक नव्हती. परीक्षकाच्या आधी अंक बदलून देणारी एक पायरी घातली आणि त्या ओळी मुकाट पार झाल्या.

अक्षरांच्या संख्येचेही असेच. ‘मुश्ताक’ या नावात आपण तीन अक्षरे मोजतो. यंत्र उकार, हलन्त आणि काना वेगवेगळे मोजून सात सांगते. म्हणून जास्तीत जास्त लांबीचा नियम देवनागरी नावांना लावताना हात सैल ठेवावा. गावाच्या नावासाठी मान्य मूल्यांची यादी देता येते, पण तिच्यात बेळगाव, बेळगांव आणि बेळगावी ही तिन्ही रूपे असली पाहिजेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी आले तरी जुनी वही बदललेली नाही.

जन्मतारखेच्या बाबतीत मात्र धोका उलट्या बाजूने आहे. साध्या मजकुराच्या फाईलमधून ओळी वाचणाऱ्या पायरीत तारखांविषयी सढळपणा दाखविण्याचा एक पर्याय आहे. तो चालू राहिला तर ३१ फेब्रुवारी २००९ ही अशक्य तारीख यंत्र मुकाट्याने ३ मार्च २००९ करून टाकते. परीक्षकापर्यंत ती पोचते तेव्हा ती निर्दोष झालेली असते आणि पार होते. आधी हा सढळपणा बंद करावा, मगच परीक्षकावर विसंबावे.

आणि जी तारीख अस्तित्वात आहे ती खरी असेलच असेही नाही. आमच्या तक्त्यात १ जून या दिवशी जन्मलेली माणसे इतकी निघाली की हसू आले. जुन्या शाळामास्तरांची ही कृपा. पालकांना तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकीत. माझ्या चुलत्यांची तीच तारीख आहे आणि त्यांच्या दोन भावांचीही तीच! नियमाच्या दृष्टीने या ओळी वैध आहेत. वैध म्हणजे नियमात बसणारी, खरी नव्हे. हा भेद नियम लावणाऱ्याने पक्का ध्यानात ठेवावा.

याच भेदापायी शिष्यवृत्तीचे पैसे अडकण्याची वेळ आली होती. बँक-शाखेचा आयएफएससी क्रमांक अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य, पुढील सहा शाखेची. पुष्कळ लोक पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ लिहितात. ती चूक नमुना तत्काळ पकडतो. परंतु १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि सिंडिकेटचे जुने क्रमांक १ जुलै २०२१ पासून बंद झाले. पासबुकावरून उतरविलेला जुना क्रमांक नमुन्यात चपखल बसतो, आणि त्यावर पाठविलेले पैसे पोचत नाहीत. अशा ठिकाणी नमुना पुरत नाही, चालू क्रमांकांची यादीच हवी. रिझर्व्ह बँक ती प्रसिद्ध करते. परीक्षकाला मान्य मूल्ये दुसऱ्या पायरीतून वाचून घेण्याची सोय आहे. त्या पायरीत ही यादी जोडली.

आता ज्यासाठी हा पाठ लिहिला त्या भागाकडे येतो. अवैध ठरलेली ओळ जाते कोठे? डेटा व्हॅलिडेटरला काहीच सांगितले नाही तर पहिली अवैध ओळ भेटताच तो सारे काम थांबवितो. हे एका परीने बरे, निदान आरडाओरड तरी होते. काम पुढे चालावे असे वाटत असेल तर त्या पायरीवर ‘एरर हँडलिंग’, म्हणजे दोषांची वाट, आखून द्यावी लागते. ही वाट एका वेगळ्या तक्त्यात नेऊन सोडावी. मूळ ओळीबरोबर आणखी चार रकाने मागून घेता येतात: दोष किती, दोषाचे वर्णन, कोणत्या रकान्यात, आणि दोषाचा संकेत. हे चारही मागावेत. वर्णनाचा मजकूर आपल्याला लिहिता येतो, तो मराठीत लिहावा. “पिन कोड सहा अंकी नाही” असे वाचले की कार्यालयातील कोणालाही कळते.

याच जागी दोन खुणा आहेत. पहिली, केवळ पहिला दोष न सांगता सगळे दोष सांगावेत. ती केली नाही तर एक दोष सुधारून ओळ पुन्हा पाठवावी आणि तिने दुसऱ्या दोषापायी परत यावे, असे हेलपाटे होतात. दुसरी, एका ओळीचे सारे दोष एकाच ओळीत जोडून द्यावेत. ही विसरली तर तीन दोषांचा एक माणूस तक्त्यात तीनदा दिसतो. आमच्या पहिल्या बैठकीत मी अवैध माणसांचा जो आकडा सांगितला तो याच कारणाने फुगलेला होता, आणि कोषाध्यक्षांनी तो वहीशी ताडून माझ्या पदरात घातला. दोषांची कमाल मर्यादाही ठरविता येते. ती ओलांडली की काम थांबते. ती अवश्य ठेवावी. एकाएकी बहुतेक ओळी अवैध ठरू लागल्या तर फाईलमधील रकाने सरकलेले असण्याचा संभव अधिक.

राहिला आडनावाचा रकाना. बैठकीत एक मत असे पडले की आडनाव सक्तीचे ठेवावे आणि ज्यांना नाही त्यांनी वडिलांचे नाव तेथे लिहावे, म्हणजे तक्ता स्वच्छ दिसेल. मी विरोध केला. कोणी रिकाम्या जागी रेघ मारील, कोणी गावाचे नाव घालील, आणि यंत्राला ते सारे पटेल. अखेर संपूर्ण नाव हा एक रकाना सक्तीचा केला आणि आडनाव रिकामे ठेवण्यास मुभा दिली. वाद बराच झाला. तक्ता थोडा कमी स्वच्छ दिसतो हे मला मान्य आहे.

दोषांच्या तक्त्याला आम्ही आपले तीन रकाने जोडले आहेत: कोणी पाहिले, कोणत्या दिवशी, काय निघाले. दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर दोघे जण कार्यालयात बसतात आणि त्या ओळीतील घरी दूरध्वनी करतात. हा लेख लिहितेवेळी त्या तक्त्यात एकोणीस ओळी शिल्लक आहेत. त्यांपैकी सात घरांचे दूरध्वनी क्रमांक लागत नाहीत. या अंकाबरोबर त्या गल्ल्यांत कोणी जाणार असल्यास कार्यालयातून यादी न्यावी.