परवाना घरमालकाचा, मग खोटं मुलांनी का बोलायचं?

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करतो आहे. सेली ओक भागातल्या दुमजली घरात सहा मुलं राहतात. त्यांतले दोघे मावसभाऊ, बाकीचे वेगवेगळ्या गावांचे. स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांत मिळून एकच. बैठकीच्या खोलीत प्लायवूडची भिंत घालून मालकांनी दोन खोल्या केल्यात, त्यांतली एक माझ्या मुलाची. भाडं महिना ४५० पौंड. आता मालकांनी निरोप पाठवलाय, ‘कौन्सिलचे लोक आले तर आम्ही सगळे चुलत-मावस भाऊ आहोत, असं सांगा.’ मुलगा घाबरला आहे. खरं सांगितलं तर घर जाईल का? व्हिसाला धक्का लागेल का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी मन शांत करा. परवाना नसलेल्या घरात राहणं हा भाडेकरूचा गुन्हा नाही आणि कौन्सिलकडे तक्रार केल्यानं व्हिसाची कोणतीही अट मोडत नाही. मात्र मालक सांगतात तसं तुमच्या मुलानं अजिबात बोलू नये. कौन्सिलला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा २००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे आज जो दोष फक्त मालकाचा आहे, त्यात खोटं बोलून मुलगा स्वतःहून अडकेल.

मालक नात्याचीच सबब का सांगतात, तेही समजून घ्या. इंग्लंडमध्ये एकाहून अधिक कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर, बाथरूम वा संडास सामायिक वापरत असतील, तर त्या घराला ‘एचएमओ’ परवाना लागतो. तो स्थानिक कौन्सिल देते. पूर्वी ही सक्ती तीन किंवा जास्त मजल्यांच्या घरांनाच होती, १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. चुलत, मामे, मावस भावंडं या कायद्यात एकाच कुटुंबात मोजतात. त्यामुळे ते दोघे मावसभाऊ मिळून एक कुटुंब झाले, बाकीची चार मुलं म्हणजे आणखी चार. सहा माणसं आणि पाच कुटुंबं, तेव्हा परवाना हवाच. सगळेच भाऊ ठरले, तर परवान्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून हा निरोप.

आता मुलाला मोजपट्टी घेऊन खोली मोजायला सांगा. एचएमओ परवान्याच्या सक्तीच्या अटींनुसार एका प्रौढ माणसाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट जागा लागते. दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर. छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे, तो भाग यात धरत नाहीत. समजा, खोली २.२ बाय २.७ मीटर भरली, तर ती ५.९४ चौरस मीटर होते, म्हणजे नियमात बसत नाही. शिवाय प्लायवूडच्या भिंतीमुळे आग लागल्यावर बाहेर पडण्याची वाट अडते का, हे कौन्सिलच्या माणसांनी पाहायला हवं. इथे प्रश्न निव्वळ कागदाचा नाही, मुलांच्या जिवाचा आहे.

पुढची पावलं अशी :

१. परवाने दिलेल्या घरांची नोंदवही कौन्सिलला ठेवावीच लागते आणि ती कोणालाही पाहता येते. त्यात पत्ता शोधा. नसेल, तर मालकानं अर्ज केला आहे का आणि कोणत्या तारखेला, हे कौन्सिलला लेखी विचारा. रीतसर अर्ज केल्या दिवसापासून मालकाला बचाव मिळतो, म्हणून ती तारीख मोलाची.

२. भाडेकरार, बँकेतून भाडं दिल्याच्या नोंदी, खोलीचे फोटो आणि मालकाचा तो निरोप जपून ठेवा. भाडं रोखीनं देणं आजच थांबवा. सहाही मुलांनी आपण कधी राहायला आलो, ते तारखांसह लिहून काढावं.

३. परवाना नव्हता हे निःसंशय सिद्ध झालं, तर मुलांना फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे भरलेलं भाडं परत मागता येतं. त्यासाठी मालकाला आधी शिक्षा झालेली असावी लागत नाही. पूर्वी जास्तीत जास्त १२ महिन्यांचं भाडं मिळत असे, २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टनं ही मर्यादा २४ महिन्यांवर नेली. नवी तरतूद लागू होण्याआधीच्या काळाला मात्र जुनीच मर्यादा आहे. पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. मालकाची वागणूक पाहून ट्रायब्युनल ती ठरवतं.

घर जाण्याच्या भीतीबद्दल : कारण न देता घर रिकामं करून घेण्याची ‘सेक्शन २१’ नोटीस १ मे २०२६ पासून रद्द झाली आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलणं किंवा सामान बाहेर काढणं हा मालकाचा फौजदारी गुन्हा ठरतो. तसं घडलं तर कौन्सिल आणि पोलीस दोघांनाही लगेच कळवावं. तक्रारीआधी मुलानं विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेतल्या सल्लागाराला किंवा ‘शेल्टर’ अथवा ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ला कागद दाखवावेत. हा सल्ला मोफत असतो.

यंदा मुलांना तिकडे पाठवणाऱ्या इतर पालकांनाही सांगते. अनामत भरण्याआधी नोंदवहीत घराचा पत्ता आणि किती माणसांची परवानगी आहे, ते पाहा. ४५० पौंड मासिक भाड्याला अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे सुमारे ५१९ पौंडांपर्यंतच घेता येते आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. हे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड किंवा वेल्सला जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे तपासावेत.